हृदयाकडे परत येणाऱ्या रक्ताविषयी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या १५ ऑगस्टला आमच्या गावातील शाळेच्या ध्वजवंदनाला मी उपस्थित होतो. पावसाने उघडीप दिली होती, ऊन ताणत चालले होते आणि भाषणे लांबली होती. पाऊण तास जागच्या जागी उभ्या असलेल्या सातवीच्या रांगेतील एक मुलगा पांढराफटक पडला आणि खाली कोसळला. दोन शिक्षक लगबगीने धावले, त्यांनी काखेत हात घालून त्याला उभे केले, अर्धवट शुद्धीत असतानाच चार पावले चालवत खुर्चीपाशी नेले आणि बसवले. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला, दुसरा पाणी पाजू लागला. मुलाची मान पुन्हा कलंडली. मी पुढे होऊन त्याला सतरंजीवर उताणे निजवायला आणि दोन्ही पाय हातभर उचलून धरायला सांगितले, तेव्हा "बसू द्या ना त्याला, आडवा केला की आणखी घाबरेल" असे उत्तर मिळाले. अखेर त्याला आडवे केले आणि मिनिटभरात त्याच्या ओठांवर रंग परतला.

त्या शिक्षकांचा हेतू चांगला होता आणि त्यांच्या जागी बहुतेकांनी तेच केले असते. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. मी तीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले. वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक मजकूर मी आवर्जून वाचतो आणि त्यात हृदयाविषयी पुष्कळ चांगली माहिती येते, पण ती जवळजवळ सगळी एकाच बाजूची असते: रोहिण्यांमधील (हृदयातून रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिन्यांमधील) अडथळे, वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, अँजिओप्लास्टी. हृदयातून रक्त बाहेर कसे पडते याची ही बाजू झाली. त्याच हृदयाकडे रक्त परत कसे येते आणि परतणाऱ्या रक्ताच्या प्रमाणावर हृदयाचे काम कसे ठरते, ही दुसरी बाजू वाचकांपुढे क्वचितच येते. ती ठाऊक नसल्यामुळे आपण भोवळ आलेल्याला उभे करतो, धाप लागलेल्याला आडवे करतो आणि अशक्तपणा आला की सलाईनची बाटली मागतो. या तिन्ही चुका एकाच अज्ञानातून होतात, असे माझे ठाम मत आहे.

ग्रामीण वाचकाला हे समजावण्यासाठी मी नेहमी विहिरीचा दाखला देतो. विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर बसवा किंवा दहा अश्वशक्तीची, झऱ्यांतून जेवढे पाणी येईल तेवढेच दिवसभरात उपसले जाणार, कारण झरे आटलेल्या विहिरीत मोठी मोटर अधिक लवकर कोरडी पडते, एवढेच. निरोगी माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. एका ठोक्याला साधारण ७० मिलीलिटर आणि मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके, असा तो हिशेब आहे. पण हे पाच लिटर हृदयाने स्वतःच्या मर्जीने ठरवलेले नसतात. त्याच मिनिटात नीलांमधून, म्हणजे रक्त परत आणणाऱ्या वाहिन्यांमधून, पाच लिटर रक्त उजव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) येऊन पोहोचलेले असते, म्हणून ते पुढे जाते.

विहिरीचा दाखला मात्र एका ठिकाणी अपुरा पडतो आणि नेमके तेथेच या विषयाचे मर्म आहे. विहिरीत पाणी वाढले म्हणून मोटरची ताकद वाढत नाही. हृदयाची वाढते. जवनिकेत, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्यात, नेहमीपेक्षा जास्त रक्त आले की तिच्या भिंतीतील स्नायूंचे तंतू ताणले जातात आणि ताणलेला तंतू पुढच्याच ठोक्याला अधिक जोराने आकुंचन पावतो, त्यामुळे जास्तीचे आलेले रक्त जास्तीच्या जोराने बाहेर टाकले जाते. रक्त कमी आले की ताण कमी होतो, जोर कमी होतो आणि ठोका लहान पडतो. यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही आणि कोणतेही संप्रेरक लागत नाही. स्नायूच्या ठेवणीतच हा गुण आहे.

हे कळायला फार काळ गेला. विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साध्या गुणाकाराने दाखवून दिले की, अर्ध्या तासात हृदयातून जेवढे रक्त बाहेर पडते तेवढे रक्त मुळी शरीरात नसतेच, म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. दंडाला पट्टी आवळून नीलांमधील झडपा रक्ताला केवळ हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात, हेही त्याने दाखवले. रक्त परत येते हे सिद्ध झाले, पण परत येणारे रक्त हृदयाच्या जोरावर काही परिणाम करते का, हा प्रश्न पुढे अडीचशे वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला. १८९५ साली ओटो फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले की, आकुंचनापूर्वी हृदय जितके अधिक भरलेले असेल तितका आकुंचनाच्या वेळी निर्माण होणारा दाब, एका मर्यादेपर्यंत, अधिक असतो.

त्यानंतरचे काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अर्नेस्ट स्टार्लिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केले. या स्टार्लिंगचे मुंबईशी एक नाते आहे, ते येथे नोंदवतो: त्याचे वडील बॅरिस्टर होते आणि मुंबईत 'क्लार्क ऑफ द क्राउन' या पदावर काम करत होते. १९१२ ते १९१४ या काळात स्टार्लिंगने कुत्र्याचे हृदय आणि फुप्फुसे यांची अशी मांडणी केली की, उंचावर ठेवलेल्या भांड्यातून नळीवाटे रक्त उजव्या कर्णिकेत यावे, फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला जावे आणि तेथून बाहेर पडताना त्याला किती विरोध व्हावा हे प्रयोग करणाऱ्याच्या हाती राहावे. मज्जासंस्थेशी या हृदयाचा संबंध उरलेला नव्हता. स्टार्लिंगने रक्ताचा ओघ वाढवला. ठोक्यांची गती तेवढीच राहिली, पण हृदय आकाराने फुगले आणि जेवढे रक्त आत येत होते तेवढे सगळे बाहेर टाकू लागले. मग त्याने बाहेर जाणाऱ्या वाटेवरचा विरोध वाढवला. पहिल्या काही ठोक्यांत रक्त कमी बाहेर पडले, उरलेले रक्त आतच साचले, त्यामुळे हृदय ताणले गेले आणि काही ठोक्यांतच पूर्वीइतके रक्त वाढलेल्या विरोधाविरुद्ध बाहेर पडू लागले. १९१५ साली केंब्रिज येथे दिलेल्या आणि १९१८ साली छापून आलेल्या व्याख्यानात त्याने याला 'हृदयाचा नियम' म्हटले. आज आमचे विद्यार्थी त्याला फ्रांक-स्टार्लिंग नियम म्हणून ओळखतात.

वर्गात हा नियम समजावताना रबराच्या दाखल्याचा मोह होतो आणि अनेक पुस्तकांतही तो दाखला आढळतो, पण तो मुलांची दिशाभूल करतो असे मला वाटत आले आहे. रबर ताणताना आपण जेवढी शक्ती घालतो तेवढीच, किंबहुना थोडी कमीच, ते परत देते. हृदयाचा स्नायू स्वतःचे इंधन जाळून शक्ती निर्माण करतो आणि ताणामुळे त्याची ते करण्याची क्षमता वाढते. तंतूंच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन ही प्रथिने एकमेकांना पकडून सरकतात. त्यांची पकड कॅल्शियममुळे सुरू होते आणि तंतू ताणला की तेवढ्याच कॅल्शियमला ती प्रथिने अधिक जोमाने प्रतिसाद देतात. नियमाचे मोठे कारण हे आहे.

या नियमाची खरी थोरवी मला हृदयाच्या दोन बाजूंच्या हिशेबात दिसते. उजवी जवनिका फुप्फुसांना रक्त देते आणि डावी उरलेल्या सर्व शरीराला. दोन्ही एकामागोमाग जोडलेले पंप आहेत. समजा, उजवी बाजू प्रत्येक ठोक्याला डावीपेक्षा फक्त एक मिलीलिटर रक्त जास्त पाठवू लागली. मिनिटाला ७२ मिलीलिटर, तासाला चार लिटरांहून अधिक रक्त फुप्फुसांत साचेल. शरीरात एकूण रक्तच पाच लिटरांच्या आसपास असते. म्हणजे तास पुरा होण्याच्या कितीतरी आधी माणूस स्वतःच्याच रक्तात गुदमरेल. असे होत नाही, कारण फुप्फुसांतून डावीकडे थोडे जास्त रक्त आले की डावी जवनिका थोडी अधिक ताणली जाते आणि पुढच्या काही ठोक्यांतच तो फरक भरून काढते. दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात आणि त्यांत हा ताळेबंद जन्मभर जुळत राहतो. इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतरही हा आकडा फळ्यावर मांडताना मला दर वेळी नव्याने नवल वाटत असे.

हृदयरोपण झालेल्या रुग्णांमध्ये हा नियम उघड दिसतो. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले रोपण केले आणि त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तो प्रयत्न केला. तो रुग्ण वाचू शकला नाही, पण जगातील अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक आपल्या परळमध्ये झाला याची आठवण मराठी वाचकांनी ठेवली पाहिजे. रोपण केलेल्या हृदयाचे मज्जातंतू कापलेले असतात. असा रुग्ण चालू लागला की मेंदूचा संदेश हृदयापर्यंत पोहोचत नाही आणि ठोक्यांची गती लगेच वाढत नाही. तरीही पायांच्या हालचालीमुळे परतणारे रक्त वाढते, हृदय अधिक भरते आणि प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे जाऊ लागते. रक्तातले ॲड्रिनलिन त्यानंतर मदतीला येते.

आता रक्त परत कशाने येते, हे पाहू. रोहिण्यांत दाब भरपूर असतो, पण केशवाहिन्या (सर्वांत बारीक रक्तवाहिन्या) ओलांडून नीलांत येईपर्यंत तो फार उतरलेला असतो. अमेरिकेतील जॅक्सन येथील आर्थर गायटन यांनी गेल्या शतकाच्या मध्यास हा विषय आयुष्यभराचा ध्यास म्हणून घेतला. शल्यचिकित्सक होण्याची त्यांची तयारी चालली असताना १९४६ साली त्यांना पोलिओ झाला आणि ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. त्यांच्या पाठ्यपुस्तकावर महाराष्ट्रातील डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या वाढल्या आहेत. त्यांच्या मापनांनुसार रक्तवाहिन्यांत भरलेल्या रक्ताचा मूळ दाब, म्हणजे हृदय थांबले तर सगळीकडे सारखा होईल तो दाब, पाऱ्याच्या अवघ्या सात मिलिमीटरांच्या आसपास असतो, आणि उजव्या कर्णिकेतील दाब शून्याच्या जवळ. दंडाला पट्टा बांधून आपण १२० आणि ८० असे आकडे मोजतो आणि त्यांवरून चिंता करतो. मिनिटाला पाच लिटर रक्त हृदयाकडे परत आणणारा फरक मात्र सात मिलिमीटर इतकाच आहे.

इतक्या लहानशा फरकावर चालणारी व्यवस्था सहज बिघडू शकते, म्हणून शरीराने तिला आधार दिले आहेत. नीलांतल्या झडपा आहेत. श्वास आत घेताना छातीतला दाब कमी होतो आणि पोटातला वाढतो, त्यामुळे रक्त वर ओढले जाते. शरीरातील साठ टक्क्यांहून अधिक रक्त कोणत्याही क्षणी नीलांत असते आणि गरज पडली की मज्जातंतूंच्या इशाऱ्यावर नीला आवळून त्यातले काही रक्त हृदयाकडे लोटतात. आणि सर्वांत महत्त्वाच्या आहेत पोटऱ्या. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की त्याच्या आतल्या नीला पिळल्या जातात, झडपांमुळे रक्त खाली जाऊ शकत नाही आणि ते वरच चढते. आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी आलेला वारकरी वाटेत चालता चालता सहसा भोवळ येऊन पडत नाही. तोच दर्शनबारीत तासन्‌तास एका जागी उभा राहिला की पडतो. लोक त्याला थकव्याचा परिणाम म्हणतात. थकवा असतोच, घाम गेल्यामुळे अंगातले पाणीही कमी झालेले असते, पण मोठा फरक पोटऱ्या थांबल्याचा असतो. स्थिर उभ्या माणसाच्या पायांत आणि पोटाच्या खालच्या भागात अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त साचू शकते. तेवढे रक्त हृदयापर्यंत पोहोचत नाही, जवनिका कमी भरते, ठोका लहान पडतो. काही काळ शरीर ठोक्यांची गती वाढवून तग धरते, मग पुष्कळदा अचानक उलटी प्रतिक्रिया येते, नाडी मंदावते, वाहिन्या सैल पडतात आणि मेंदूला रक्त अपुरे पडून माणूस कोसळतो.

कोसळणे हाच त्यावरचा निसर्गाचा उपाय आहे. आडवे होताच पायांतले रक्त हृदयाकडे वाहू लागते आणि मेंदू हृदयाच्या पातळीवर येतो. पाय उचलून धरले तर पायांतले आणखी रक्त चटकन परत मिळते. अतिदक्षता विभागातील डॉक्टरही रुग्णाचे पाय उचलून त्याच्या हृदयाला आणखी द्रवाचा उपयोग होईल की नाही हे पाहतात, कारण सुई न टोचता स्वतःचेच सुमारे ३०० मिलीलिटर रक्त हृदयाला देऊन बघण्याचा तो मार्ग आहे आणि पाय खाली केले की ते रक्त पुन्हा मागे जाते. शाळेतल्या त्या मुलाला उभे करून चालवणे म्हणजे शरीराने स्वतः केलेला उपाय उलटवणे होते. अर्थात, पडलेला माणूस श्वास घेतो आहे ना हे आधी पाहावे. तो श्वास घेत नसेल तर छाती दाबण्याचा प्रथमोपचार त्याच क्षणी सुरू करावा लागतो. आणि मिनिट-दोन मिनिटांत तो पुरता शुद्धीवर आला नाही, किंवा छातीत दुखत असेल, किंवा तो वयस्क असेल, तर ती साधी भोवळ समजू नये.

याच तत्त्वाची एक गोष्ट गरोदर स्त्रियांच्या घरच्यांना माहीत असावी. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातून वर जाणाऱ्या महानीलेवर पडतो, परतणारे रक्त अडते आणि त्या स्त्रीला घाम फुटून गरगरते. डाव्या कुशीवर वळताच बरे वाटते.

आता दुसरी बाजू, आणि ती मला अधिक जिव्हाळ्याची आहे. परतणारे रक्त वाढले की हृदय जोर वाढवते, हे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. निरोगी हृदयाची मर्यादा खूप दूर असते. भरपूर सराव केलेला धावपटू मिनिटाला वीस-पंचवीस लिटरही रक्त फिरवू शकतो. पण हृदयविकाराच्या झटक्याने ज्याच्या स्नायूचा काही भाग मेला आहे, किंवा वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने जे थकले आहे, त्या हृदयाला कितीही भरले तरी त्याचा जोर फारसा वाढत नाही. ते आधीच ताणलेले असते. अशा वेळी जास्तीचे आलेले रक्त पुढे न जाता मागे तुंबते: उजवीकडे तुंबले तर पाय सुजतात, डावीकडे तुंबले तर फुप्फुसांत पाणी झिरपते.

माझे थोरले बंधू या अवस्थेत होते. वय चौऱ्याहत्तर, काही वर्षांपूर्वी झटका येऊन गेलेला, संध्याकाळी घोट्यांवर सूज. उन्हाळ्यात त्यांचे जेवण कमी झाले, गळून गेल्यासारखे वाटू लागले. मी परगावी होतो. घरच्यांनी जवळच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावण्याचा आग्रह धरला आणि दोन बाटल्या भराभर चढवल्या गेल्या. रात्री दोन वाजता ते धाप लागून उठून बसले. छातीतून घरघर येत होती आणि खोकल्याबरोबर गुलाबी फेस पडत होता. घरच्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा आडवे करण्याचा प्रयत्न केला, ते हात झिडकारून खिडकीशी बसत होते. ते बरोबर करत होते. आडवे होताच पायांतले रक्त हृदयाकडे येणार आणि हृदयाला तर आधीचेच पेलवत नव्हते. तालुक्याच्या गावी ऑक्सिजन आणि लघवी वाढवणारी इंजेक्शने देऊन त्यांना वाचवले गेले, पण त्यानंतर त्यांची प्रकृती पूर्वीची राहिली नाही. दवाखान्यातील डॉक्टरांना एकट्याला मी दोष देणार नाही. सलाईन लावले नाही तर रुग्ण दुसरीकडे जातो, हे दडपण त्यांच्यावर कोणी आणले? आपणच आणले.

सलाईन म्हणजे ताकद, ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांत आणि शहरांतही इतकी खोल रुजली आहे की तिचा हिशेब स्पष्ट मांडायला हवा. अर्धा लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजची नेहमीची पाच टक्क्यांची बाटली असली तर पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे शंभर कॅलरींचाही ऐवज नाही. एका भाकरीत त्याहून जास्त शक्ती आहे. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला, रक्तस्राव झालेल्याला सलाईन जीवदान देते, यात शंका नाही, कारण तेथे हृदयाकडे परतणारे रक्त खरोखरच कमी झालेले असते. नुसता अशक्तपणा हे सलाईन लावण्याचे कारण होऊ शकत नाही. तरुण माणसाची मूत्रपिंडे जास्तीचे पाणी बाहेर टाकतात, म्हणून त्याला अपाय झालेला दिसत नाही, आणि दोन तास निजून राहिल्यामुळे बरे वाटते. तेच औषध दम्यासारखी धाप लागणाऱ्या, दोन-तीन उशा घेऊन झोपणाऱ्या आजोबांना दिले जाते, तेव्हा ते घातक ठरू शकते. घरातील वडीलधाऱ्यांच्या उशांची संख्या वाढत चालली असेल, रात्री धाप लागून ते उठून बसत असतील, तर ती म्हातारपणाची खोड समजू नये आणि त्यांच्या ताटातले लोणचे-पापड डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नयेत, कारण मीठ शरीरात पाणी धरून ठेवते.

द्रव देण्याचा विचार किती जपून करावा लागतो, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने जगभरच्या डॉक्टरांना शिकवले. केनिया, युगांडा आणि टांझानियातील ३१४१ तापाने गंभीर झालेल्या बालकांवर तो झाला. हातपाय गार पडलेल्या या मुलांना शिरेवाटे झपाट्याने द्रव दिला तर ती अधिक वाचतील, असे सर्वांनाच वाटत होते. प्रत्यक्षात झपाट्याने द्रव दिलेल्या गटांत ४८ तासांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुले दगावली, तर तसा द्रव न दिलेल्या गटात ७.३ टक्के. जुलाबाने सुकलेली मुले या अभ्यासात नव्हती, त्यामुळे जुलाबात जलसंजीवनी देण्यात कोणीही कसूर करू नये. पण द्रव जितका अधिक तितके बरे, या समजुतीला त्या आकड्यांनी जबर धक्का दिला.

पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूची साथ असते आणि घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: पेशी किती झाल्या? प्लेटलेटांचा आकडा पाहायला हवा, पण डेंग्यूत जीव जातो तो बहुधा केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपल्यामुळे. ताप उतरतो, घरचे निश्चिंत होतात आणि नेमक्या त्याच सुमारास, पुढच्या २४ ते ४८ तासांत, रक्त घट्ट होत जाते, हृदयाकडे परतणारे प्रमाण घटते, ठोका लहान होतो आणि रक्तदाबाच्या वरच्या-खालच्या आकड्यांतले अंतर कमी होऊन २० किंवा त्याहूनही खाली येते. वरचा आकडा त्या वेळी ठीकच दिसू शकतो, म्हणून फसगत होते. तेव्हा मोजूनमापून द्रव द्यावा लागतो. पुढे एक-दोन दिवसांत बाहेर गेलेला द्रव आपोआप रक्तात परततो आणि आधी जास्त सलाईन दिलेले असेल तर आता तेच फुप्फुसांत भरते. एकाच रुग्णाला मंगळवारी द्रव हवा असतो आणि गुरुवारी तो बंद करावा लागतो. केशवाहिन्यांच्या भिंतीतून द्रव आत-बाहेर कसा जातो, याचे मूलभूत स्पष्टीकरणही १८९६ साली याच स्टार्लिंगने दिले होते.

कोकणातील विंचूदंशाची गोष्ट तर प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवी. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रोहिण्या आवळल्यामुळे हृदयाला पुढे जाण्याची वाट बंद होते, नीला आवळल्यामुळे मागून रक्ताचा लोट येतो आणि मधल्या स्नायूवर त्या द्रव्यांचा थेट घाव पडतो. परिणाम फुप्फुसांत पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी बसून हे टिपले, १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'सारख्या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडले आणि वाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने असंख्य जीव वाचवले. हृदयाच्या पुढचे दार आणि मागचे दार दोन्हींचा विचार केल्यानेच तो उपाय सापडला.

मला आपल्या वृत्तपत्राकडून एक अपेक्षा आहे. गणेशोत्सव जवळ येत आहे. मोठ्या मंडळांच्या रांगांत लोक रात्र-रात्र उभे राहतील आणि त्यांतले काही पडतील. उभ्या माणसाने दर काही मिनिटांनी टाचा उचलाव्या, पोटऱ्या आवळाव्या, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता खाली बसावे किंवा आडवे व्हावे, आणि पडलेल्याला निजवून पाय उचलावे. मात्र ज्याला धाप लागली आहे त्याला बसवून पाय खाली सोडू द्यावे, एवढा मजकूर आपण चौकटीत छापला आणि मंडळांनी रांगेच्या कडेने लावला, तर त्याला फार खर्च येणार नाही. कार्यकर्त्यांना ही दोन वाक्ये पाठ हवीत, कारण त्यांतली एकाची कृती दुसऱ्यावर केली तर नुकसान होते.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी माझे बोलणे झाले आहे. येत्या २६ जानेवारीला झेंडा फडकवून राष्ट्रगीत झाले की भाषणांच्या वेळी मुलांना मैदानावर खाली बसवण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

कळावे,
आपला नम्र,
शरीरक्रियाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
जि. सातारा